कोंबडीची चोच

आमच्याकडे माणसाला कामावरून काढायचं काम कोंबडी करते. मालकाला तोंड नसतं असं नाही. चांगलं मोठं असतं आणि वर्षभर अखंड चालू असतं. पण आमच्या नवीन वर्षाच्या सणाआधी कारखान्यात जे मोठं जेवण होतं, त्यात अख्खी उकडलेली कोंबडी टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि तिची चोच ज्याच्याकडे असेल त्याने काय ते समजून घ्यायचं, अशी जुनी रीत आहे. चोच तुझ्याकडे, म्हणजे सणाची सुट्टी संपल्यावर तू येऊ नकोस. कोणी काही बोलत नाही. तो माणूस मान खाली घालून जेवतो, मालकाच्या नावाने एक पेला पितो आणि घरी जातो. सगळ्यांची अब्रू राहते म्हणे. कुणाची राहते ते मला अजून कळलेलं नाही.

हल्ली असं कोणी करत नाही. बरे मालक डोकं आधीच उडवून घेतात, नाहीतर चोच स्वतःकडे करून ठेवतात आणि हसतात. आमच्या बाजूच्या स्क्रूच्या कारखान्यात तर कोंबडीच नसते, बदक असतं, आणि तेही तुकडे करून. पण आमचे चुआंग मालक म्हणजे परंपरेचे मोठे भोक्ते. जादा कामाचे पैसे देताना त्यांना परंपरा आठवत नाही, कोंबडीच्या वेळी बरोबर आठवते. सकाळी ती भूमिदेवापुढे ठेवतात, धूप लावतात, मागच्या वर्षाच्या धंद्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि दुपारी तीच कोंबडी आमच्यापुढे आणतात. देवाला ठेवलेली कोंबडी डोक्यासकट असावी लागते. तेवढंच निमित्त त्यांना पुरतं.

माझं नाव लुआन. लग्न केलं नाही, घरी म्हातारी आई. लुगांगच्या बाहेर समुद्राकडे जो पट्टा आहे तिथे घरोघरी नळ बनतात. एका गल्लीत पितळ ओततात, दुसरीत पॉलिश करतात, तिसरीत क्रोमचा मुलामा चढवतात. चुआंग मालकांच्या कारखान्यात हे सगळं एकाच छपराखाली चालतं आणि त्या छपराखाली माझी वीसेक वर्षं गेली. माझी जागा पाण्याच्या टाकीशी. नळाचं एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यातून दाबाने हवा सोडायची, नळ पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला नाही तर पास. आला तर नळाच्या बुडाशी लाल मेणखडूने फुली मारून बाजूच्या पेटीत टाकायचा. बस. दिवसभर एवढंच. थंडीत बोटं लाल होऊन फुगतात आणि संध्याकाळी स्कूटरची किल्लीसुद्धा नीट धरता येत नाही.

काम कंटाळवाणं होतं म्हणून मी चिडले असं कोणी समजू नये. कंटाळवाणं काम जगात सगळेच करतात. मला संताप यायचा तो पेटीचा. मी फुली मारलेले नळ संध्याकाळी त्या पेटीत असायचे आणि सकाळी पेटी रिकामी असायची. सुरुवातीला मला वाटलं, वितळवायला नेत असतील. मग एकदा विसरलेला डबा न्यायला परत गेले तर मालक स्वतः स्टुलावर बसून चिंधीने थिनर लावून माझ्या फुल्या पुसत होते. मला बघून त्यांना काही वाटलं नाही. उलट हसले.

"एक बुडबुडा म्हणजे काय गळती असते का लुआन? नळाने जरा श्वास घेतला, एवढंच."

हा विनोद त्यांना इतका आवडला की नंतर कित्येक वर्षं ते तो पाहुण्यांना सांगायचे. आणि पाहुणे हसायचे. हसणारच, त्यांच्या घरी थोडाच आमचा नळ असतो.

श्वास घेणारे नळ मग कधी ना कधी परत यायचे. कोणाच्या भिंतीला ओल आलेली असायची, कोणाचं खालच्या मजल्यावरचं छत गळत असायचं. ते लोक तावातावाने यायचे आणि मालक मला टाकीवरून बोलावून घ्यायचे. माझा चेहरा प्रामाणिक आहे म्हणे. त्यांनीच मला शिकवलं होतं: हात पुसून यायचं, पण पूर्ण कोरडे करायचे नाहीत, काम करणाऱ्या बाईचे हात ओले दिसले की समोरचा नरमतो. कमरेतून वाकायचं. तो "असू दे" म्हणेपर्यंत वर बघायचं नाही. मालक स्वतः वाकत नाहीत, त्यांची पाठ दुखते. नळ मी नापास केलेला, फुली त्यांनी पुसलेली, आणि माफी मी मागायची. असं मी वर्षानुवर्षं केलं. लिहितानासुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

या पावसाळ्यानंतर च्यायी शहरातला एक हार्डवेअरवाला आला. वयस्क, सज्जन माणूस, स्वतः गाडी चालवत आला होता आणि परत आलेल्या नळांचं खोकं स्वतः उचलून आत घेऊन आला. मी वाकले. खोकं माझ्या नाकासमोर उघडं होतं. वरच्याच नळाच्या बुडाशी, थिनरने नीट न गेलेली, गुलाबीसर पडलेली माझी फुली. माझ्याच हातची. तो माणूस बिचारा हळू आवाजात म्हणाला, "बाई, दिसत नसेल तर चष्मा लावा हो. गिऱ्हाईक मला शिव्या देतं." आणि माझ्या मागून मालक म्हणाले, "वय झालंय हो तिचं. पण काय करणार, घरची बाई आहे. घरच्या माणसाला काढता येतं का?"

मी वर बघितलं नाही. "चूक झाली, माझ्याकडून चूक झाली," एवढंच बोलले आणि परत टाकीवर गेले. त्या दिवशी पाण्यात बुडबुडे येत होते की नाही ते मला खरंच दिसलं नाही, डोळे भरले होते.

मग नोकरी सोडली का नाहीस, असं कोणीही विचारेल. माझी धाकटी बहीण विचारायचीच. तिचं ताइचुंगला न्याहारीचं दुकान आहे, पहाटे सोयाबीनचं दूध आणि अंड्याच्या पोळ्या. "ताई, ये की इकडे," ती दर फोनला म्हणायची. "उभं राहायला जागा आहे, हात कमी पडतायत." मी रोज सकाळी स्कूटरवर एक वाक्य पाठ करत जायचे. मालक, मी उद्यापासून येणार नाही. साधं वाक्य आहे. वाऱ्याच्या आवाजात मी ते मोठ्याने म्हणायचे, वेगवेगळ्या चालीत म्हणायचे. कारखान्याचं फाटक आलं की ते घशातून खाली पोटात जाऊन बसायचं. तिथे गेलं की माझं तोंड फक्त माफी मागायलाच उघडायचं. मला मालकाचा राग यायचा, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा यायचा, आणि तो काढायला घरी आईशिवाय कोणी नव्हतं.

आईचं तर वेगळंच. मालक दर वर्षी सणाला बक्षिशीच्या लाल पाकिटाबरोबर प्रत्येकाला एक नळ भेट द्यायचे, रिबन बांधून. कुठल्या पेटीतले नळ असायचे ते सांगायला नको. त्यातला एक आमच्या स्वयंपाकघरात बसवलेला आहे. गळतो. खाली पातेलं ठेवलेलं आहे, ते भरलं की आई कुंड्यांना घालते. मी किती वेळा म्हटलं बदलते, तर आईचं एकच: "मालकांनी दिलेला आहे. त्यांचं अन्न खातेस आणि त्यांचा नळ फेकतेस?" रात्रंदिवस तो नळ टपटप करायचा आणि मला माझ्याच फुलीची आठवण करून द्यायचा. आणि दर वर्षी मी मोठ्या जेवणाहून आले की आई दारातच विचारायची, "चोच कोणाकडे होती?" मी म्हणायचे, दुसऱ्या कोणाकडे तरी. मग ती भूमिदेवाला हात जोडायची.

यंदाचं जेवण शनिवारी दुपारी होतं. कारखान्याच्या अंगणात लाल-निळा मंडप, चार गोल टेबलं, आणि समुद्राकडून येणारा आमचा तो थंडीतला वारा, जो कोणाचं ऐकत नाही. मंडपाचं कापड फडफडत होतं, आचाऱ्याकडच्या बायका वाफाळत्या परातींवर झाकणं धरून पळत होत्या. मुख्य टेबल जुन्या माणसांचं. तिथे बसणं मानाचं, आणि कोंबडीही तिथेच येते. मी तिथेच बसते. माझ्या डाव्या हाताला खिम-पेक, आमचे पॉलिशवाले. पेक म्हणजे मोठे काका, सगळा कारखाना त्यांना तसंच म्हणतो. पितळाची धूळ खाऊन खाऊन त्यांना बोलताना धाप लागते. त्यांची मुलगी अजून कॉलेजात आहे. समोर मालक आणि त्यांच्या शेजारी पाहुणे म्हणून बोलावलेले काओशुंगचे घाऊक व्यापारी फान साहेब, गुबगुबीत, सारखे हसणारे.

कोंबडी आली तेव्हा जोराचा वारा आला. वाढणाऱ्या बाईच्या डोक्यावरची टोपी उडाली, तिने एका हाताने टोपी धरली आणि दुसऱ्या हाताने ताट मधल्या फिरत्या काचेवर टेकवून ती पळाली. ताट कसं ठेवलं हे तिने बघितलंही नाही. चोच थांबली ती माझ्या आणि खिम-पेकच्या बरोबर मधोमध.

मालकांनी चोचीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्यांना ते आवडलं. हा योग त्यांनी जुळवलेला नव्हता, पण फुकट मिळालाय तर का सोडा. त्यांनी चॉपस्टिक उचलल्या आणि म्हणाले, "चला, जेवा. गार होतंय."

आता फिरत्या काचेचं असं असतं की आपल्याला हवं ते आपल्यापुढे येईपर्यंत काच फिरवायची. पण काच फिरवली की चोच फिरणार. आणि कोणाकडे फिरणार? कोणी हात लावेना. ज्याच्यापुढे जे होतं तेच तो खात बसला. गोदामवाल्याच्या पुढे मासा होता, त्याने एकट्याने मासा संपवत आणला. माझ्यापुढे गारठलेल्या शिंपल्यांची बशी होती. एका बाईपुढे नुसतं लोणचं आणि सजावटीची कोथिंबीर आली होती, ती बिचारी कोथिंबीर चघळत होती. खेकड्याचा भात बरोबर कोणाच्याच हाताला लागणार नाही असा मध्ये वाफा सोडत होता. मोठी मोठी माणसं, घरी पोरांना दरडावणारी, आणि एक मेलेली कोंबडी हलू नये म्हणून उपाशी बसलेली. मला हसू आलं असतं, पण माझ्या शेजारी खिम-पेकनी चॉपस्टिकसुद्धा उचलल्या नव्हत्या.

ते माझ्याकडे झुकले. "आ-लुआन, कोणाकडे आहे गं? तुझ्याकडे की माझ्याकडे?"

मी म्हटलं मला कळत नाही, मधोमध आहे.

"जरा खुर्ची इकडे घे ना."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते परत म्हणाले, आणि धाप लागत लागत म्हणाले, "तुला एकटीला काय लागतं? नवरा नाही, पोर नाही. माझी पोरगी शिकतेय अजून. एवढी खुर्ची सरकव. मग तुझ्याकडे होईल."

कीव येण्याआधी मला राग आला. त्यांचाही आला आणि ज्या माणसाने त्यांना इथपर्यंत आणलं त्याचा तर आलाच. तो माणूस समोर बसून पुढ्यातल्या ताटातला मऊ तुकडा निवडून फान साहेबांच्या वाडग्यात घालत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आमची गंमत बघत होता. मी खुर्ची सरकवली नाही. पण मागेही घेतली नाही. मी चोचीकडे बघत बसले. कोंबडीचे डोळे मिटलेले होते, तुरा पिवळट पडला होता, वरून तेल चमकत होतं. आणि मला जाणवलं की माझं काळीज धडधडतंय, पण खिम-पेकचं धडधडत होतं तसं नाही.

सूप आलं, गोड आलं, तरी मालकांनी काच हलवली नाही. शेवटी पेला घेऊन उभे राहिले. आपण सगळे एक घर आहोत, असं सुरू केलं. घरात भांडी वाजतात, घरात नळ गळतात, ह्यावर फान साहेब हसले. मग मालक म्हणाले की दोन माणसांचं जेवण आज गोड लागलेलं नाही असं दिसतंय, तर त्यांना आता मोकळं करतो. आणि त्यांनी काचेला बोट लावलं.

हळूहळू फिरवली त्यांनी. चोच माझ्या समोर आली आणि तिथे त्यांनी बोट जरा थांबवलं, एक घोट पिण्याएवढं. मग पुढे. गोदामवाल्यापुढे थांबवलं, त्याने मासा गिळला. कोथिंबीरवाल्या बाईपुढे थांबवलं. एकेकाच्या तोंडावरचा रंग उडताना बघत बघत त्यांनी ती चोच अख्ख्या टेबलावरून नेली आणि शेवटी स्वतःच्या छातीसमोर आणून ठेवली.

"यंदा घरातलं कोणी जात नाही," ते म्हणाले. "गेलो तर मीच जाईन."

टाळ्या पडल्या. बाकीच्या टेबलांवरूनही पडल्या. खिम-पेक रुमालात तोंड घालून रडायला लागले. त्यांच्या बायकोने, ती पलीकडच्या टेबलाशी होती, उभं राहून मालकांना नमस्कार केला. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "सुटलीस गं लुआन."

आणि मला वाईट वाटलं. खरं सांगते, खूप वाईट वाटलं. चोच माझ्यासमोर थांबली होती तेव्हा माझ्या आत काहीतरी सुटं झालं होतं, आणि ती पुढे गेली तशी ते परत आवळलं गेलं. डोळ्यांत पाणी आलं ते बघून लोकांना वाटलं मलाही आनंद झालाय. मला बसल्या जागी सगळं कळून चुकलं. म्हणजे इतकी वर्षं मी काय करत होते? दर वर्षी केस धुऊन, चांगला कोट घालून या टेबलाशी येत होते आणि एका कोंबडीने माझ्या वतीने नोकरी सोडावी म्हणून वाट बघत होते. जे वाक्य मला फाटकाशी बोलता येत नव्हतं ते तिने चोचीने बोलावं. कोणीतरी मला हाकलावं, म्हणजे मग आईला सांगता येईल, मी नाही गं सोडली, त्यांनी काढलं. मला माझीच किळस आली.

कदाचित तरीही मी गप्प बसले असते. पाकीट घेतलं असतं, रिबनवाला नळ घेतला असता आणि सोमवारी हात टाकीत घातले असते. मी माझ्याबद्दल खोटं सांगणार नाही. पण मालक खुशीत होते, दारू चढत होती. फान साहेबांच्या कोणत्याशा मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचे नळ गेले होते आणि तिकडूनही तक्रार आली होती, सण झाला की ते लोक येणार होते. फान साहेब जरा काळजीत वाटले. मालकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ते माझ्यावर सोडा. आमच्या लुआनने एकदा माफी मागितली की माणूस उलट आणखी दोन खोकी घेऊन जातो. अस्सल माल आहे. लुआन, उठ, फान साहेबांना जरा वाकून दाखव."

लोक हसले. वाईट मनाने नाही हसले, सुटकेचं हसणं होतं ते, आता कशालाही हसले असते. मी बसूनच होते. मालक परत म्हणाले, "उठ गं, लाजतेस काय. हात जरा ओले कर," आणि त्यांनी चहाच्या पेल्यात बोटं बुडवून माझ्या दिशेने दोन थेंब उडवले.

मी उठले. सगळे वाट बघत होते. मी हात लांब करून काचेची कड धरली आणि फिरवली. एका दमात. खेकड्याचा भात, सूप, शिंपल्यांच्या बशा सगळं गेलं फिरत, एक चमचा खाली पडला, आणि चोच माझ्यासमोर आल्यावर मी काच दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मालक, ही माझ्याकडे आहे."

ते हसतच होते. म्हणाले, चढली वाटतं हिला. कोणीतरी काच परत फिरवायला हात पुढे केला. मी हात काढला नाही.

"चढलेली नाही. मी सोमवारपासून येणार नाही."

वाक्य बाहेर आलं. इतकं साधं, स्कूटरवर म्हणायचे अगदी त्याच चालीत. मंडपाचं कापड फडफडत होतं. मालकांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. त्यांनी आवाज खाली आणला, घरच्यासारखा. थट्टा होती, म्हणाले. एवढ्या लोकांत असं करतात का, म्हणाले. मग म्हणाले, "पाकिटं अजून वाटायची आहेत लुआन. जरा विचार कर."

आणि तिथे मात्र माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण थिनरची चिंधी बोलले, श्वास घेणारे नळ बोलले, च्यायीचा तो म्हातारा बोलले. फान साहेबांना सांगितलं की तुमच्या गिऱ्हाइकाला म्हणावं नळाच्या बुडाशी नखाने खरवडून बघा, गुलाबी लागतं का. माझे डोळे अगदी चांगले आहेत, कधीच वाईट नव्हते. फान साहेबांचं हसणं तेव्हा पहिल्यांदा थांबलं. शेवटी मालकांना म्हटलं, "ते पाकीट ठेवा तुमच्याकडेच. नवीन माफी मागणारी बघायला लागेल, तिला द्या. आणि पाठ दुखत नसेल तेव्हा स्वतः वाकून बघा, काही होत नाही."

मी वाकले नाही. इतक्या वर्षांत मालकांसमोरून न वाकता जायची माझी पहिलीच वेळ, मान कशी धरायची तेच कळेना. उकडलेल्या कोंबडीची मान सहज निघते. मी ते डोकं तोडलं, उरलेलं जेवण बांधून देणाऱ्या बाईकडून एक प्लास्टिकची पिशवी मागून घेतली आणि त्यात टाकलं. तिने काही न विचारता गाठ मारून दिली, वर एक डाव खेकड्याचा भातही घातला.

खिम-पेक माझ्याकडे बघत नव्हते. मी मंडपाच्या कडेला पोचले तेव्हा मागून काचेचा घरघर आवाज आला आणि मी वळून बघितलं. त्यांनीच काच फिरवली होती. खेकड्याचा भात आपल्यापुढे आणून वाढून घेत होते. मग बाकीचेही फिरवायला लागले, इकडे शिंपले, तिकडे सूप, सगळ्यांना एकदम भूक लागली होती. आता डोकंच नव्हतं ना, कोणाला भीती? राग आला मला, तो अजून गेलेला नाही. पण त्यांनी पोटभर खाल्लं असेल तर खाऊ दे.

वाऱ्यात स्कूटर धड चालत नव्हती. हँडलला पिशवी अडकवलेली, ती गुडघ्यावर आपटत होती. अर्ध्या वाटेवर एका शेताच्या कडेला थांबले. आईचं औषध, घरपट्टी, या वयात ताइचुंगला जाऊन पहाटे उठणं, सगळं एकदम आठवलं. तरी ते वाक्य परत गिळावं असं काही वाटलं नाही. बहिणीला फोन लावला आणि विचारलं, जागा आहे का अजून. ती दोन-तीन वेळा "काय झालं, काय झालं" करत राहिली, मग रडायला लागली, म्हणून मी फोन ठेवला.

आई दारातच होती. "लवकर आलीस. चोच कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

तिने दाराची चौकट धरली. ऐंशीला टेकलेली बाई, मला वाटलं पडेल. मी तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता.

"मालकांनी केली तुझ्याकडे?"

"त्यांनी स्वतःकडे केली होती. मी माझ्याकडे फिरवली."

मी भांडायच्या तयारीतच होते. अन्नाला जागली नाहीस म्हणेल, कोण ठेवणार तुला म्हणेल, आणि ती असं म्हणाली की मी काय काय म्हणणार ते सगळं जिभेवर आणून ठेवलं होतं. तिने पिशवी ओढून घेतली, गाठ सोडली, आत बघितलं. मग डोकं काढून वाडग्यात ठेवलं. आईला कोंबडीचं डोकं फार आवडतं. लहानपणी आमच्या घरी कोंबडी शिजली की ते तिच्याच वाट्याला यायचं, कारण दुसरं काही उरायचं नाही. ती उरलेल्या दातांनी सावकाश, अगदी नीट खाऊ लागली. तुरा खाल्ला, गालाचं मांस खाल्लं, कवटी फोडून चोखली. चोच तेवढी वाडग्याच्या कडेवर ठेवली. मी तोपर्यंत समोर उभीच होते, कोटसुद्धा काढला नव्हता.

तिने बोटं पुसली. "हार्डवेअरचं दुकान उघडं असेल का आता?"

मी म्हटलं शनिवार आहे, संध्याकाळपर्यंत असतं.

"मग जा आणि नळ घेऊन ये," ती म्हणाली. "आणि मालकांच्या कारखान्यातला नको."

मी पाना शोधायला लागले.